परिपाठ संपल्यावर: पहिली ते चौथीच्या मुलांचा स्वभाव आणि मनःस्वास्थ्य जपण्यासाठी रोज काय करायचं

आपल्या प्राथमिक शाळांत परिपाठ नेमाने होतो. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. भिंतीवर दहा मूल्यं रंगवलेली असतात: श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता. मुलांना ती तोंडपाठ असतात. आणि तीच मुलं मधल्या सुट्टीत एखाद्याला ‘तू आमच्यात नाहीस’ म्हणून खेळातून हाकलतात.

मुलं ढोंगी आहेत म्हणून असं होत नाही. सात वर्षांच्या मुलाला ‘संवेदनशीलता’ ऐकून कळत नाही. शेजारचा पडला तर त्याचं दप्तर कोणी उचलायचं, हे त्याला दिवसभर करता करता कळतं. स्वभाव घडतो तो हजेरी, जेवण, भांडण, हरवलेली पेन्सिल अशा रोजच्या प्रसंगांतून, आणि त्या वेळी मोठं माणूस कसं वागतं त्यातून. या प्रसंगांत नेमकं काय करायचं ते इथे क्रमाने मांडलं आहे. लिहिलं आहे मुख्यतः वर्गशिक्षकांसाठी, पण पालकांनाही यातलं बरंच घरी करता येईल.

पहिली पायरी: आधी झोप, पोट आणि शू

सकाळपासून चिडचिड करणारं, शेजाऱ्याला ढोसणारं मूल पुष्कळदा वाईट वळणाचं नसतं, उपाशी असतं. किंवा त्याची झोप झालेली नसते. शिस्तीचा विचार करण्याआधी हे बघायचं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात रोज चार-पाच मुलांशी एकेकट्याने बोला. काल रात्री कधी झोपलास? सकाळी काय खाल्लंस? शाळेत शू लागली तर कुठे जातोस? एवढेच तीन प्रश्न, गप्पांच्या ओघात. उत्तरं वहीत टिपून ठेवा.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं ते याच कारणाने. पण शाळा उशिरा म्हणून घरात मोबाइल रात्री साडेअकरापर्यंत चालू राहिला, तर मुलाच्या पदरात काहीच पडत नाही. पहिल्या पालकसभेत हा विषय सगळ्यांत आधी घ्या. अभ्यासाचं नंतर बोलू.

पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि सगळं मिळून ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. पण ते ताट दुपारी येतं. सकाळी नुसता चहा पिऊन आलेलं मूल तोवर कसं तग धरणार? कपाटात फुटाण्यांचा डबा ठेवा. देताना गाजावाजा नको. ‘ज्यांनी काही खाल्लं नाही त्यांनी हात वर करा’ असं तर कधीच विचारू नका. भुकेपेक्षा ती लाज मुलाच्या जास्त लक्षात राहते.

शौचालयाचं दुखणं त्याहून लपलेलं असतं. आत अंधार आहे, कडी लागत नाही, पाण्याची बादली रिकामी आहे म्हणून मुलं, विशेषतः मुली, शाळेत पाणीच पीत नाहीत. दुपारी त्यांचं डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, आणि आपण वहीत ‘एकाग्रता कमी’ असं लिहितो. स्वतः आत जाऊन मुलाच्या उंचीवरून बघा: कडीला हात पोहोचतो का, पाण्याचा मग उचलता येतो का, उजेड आहे का. आणि परवानगीचा प्रश्नच काढून टाका. दाराजवळ खिळ्याला दोन पाट्या टांगा. लघवीला जायचं असेल त्याने पाटी गळ्यात घालायची, जाऊन यायचं, पुन्हा टांगायची. पहिले चार दिवस सगळीच मुलं हौसेने जातील. जाऊ द्या, पाचव्या दिवशी हौस फिटते.

फळ्यावरचं लिहून न घेणारं मूल आळशी ठरवण्याआधी त्याला पुढच्या रांगेत बसवून बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याचं वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवसासाठी डोळे, कान, दात, वजन याबद्दल शंका असलेल्या मुलांची यादी तयार ठेवा, नाहीतर तपासणी घाईघाईत उरकते.

दुसरी पायरी: हजेरीची पाच मिनिटं

नाव पुकारायचं, ‘हजर’ ऐकायचं आणि मान खाली घालून टिंब द्यायचं, हे बदला. नाव घेताना त्या मुलाकडे बघा. आणि ‘हजर’ऐवजी आज मन कसं आहे ते एका शब्दात सांगायला सांगा.

सुरुवातीला सगळे ‘छान’ म्हणतील, कारण दुसरे शब्दच हाताशी नसतात. मग फळ्याच्या कोपऱ्यात आठवड्याला दोन-तीन शब्द लिहीत जा: राग, भीती, कंटाळा, रुसवा, हेवा, धाकधूक, ओशाळं, हुरूप. प्रत्येकाला एक प्रसंग जोडा. ‘बाळाला आईने मांडीवर घेतलं आणि मला नाही, तेव्हा काय वाटतं?’ हेवा हा शब्द मुलांना असा कळतो. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाकडून त्याच्या बोलीतला शब्द मागून घ्या आणि तोही फळ्यावर लिहा.

ज्याला बोलायचं नसेल त्याने नुसतं ‘हजर’ म्हणावं, ही मुभा पहिल्या दिवसापासून द्या. आणि एखादं मूल ‘घाबरलोय’ म्हणालं तर सगळ्यांसमोर ‘का रे?’ असं विचारू नका. मान हलवा आणि दहा मिनिटांनी मुलं लिहीत असताना त्याच्याजवळ जाऊन बसा.

तिसरी पायरी: तीन नियम आणि कामांचा तक्ता

नियम मुलांकडूनच काढून घ्या आणि तीनांवर थांबा. ‘वर्गात काय झालं की तुम्हाला वाईट वाटतं?’ असं विचारलं की यादी आपोआप निघते: चिडवणं, ढकलणं, वस्तू घेणं. ती उलटी करून लिहायची: नावाने हाक मारू. विचारून घेऊ. एक बोलत असताना बाकीचे ऐकू. हे तीनही नियम तुम्हालाही लागू आहेत हे मुलांना सांगा. ‘ए ढब्ब्या’ अशी हाक शिक्षकाकडून गेली की पहिला नियम त्याच दिवशी मोडीत निघाला.

श्रमप्रतिष्ठेसाठी कामांचा तक्ता लावा: पाणी भरणं, खडू-डस्टर, झाडांना पाणी, पुस्तकांचा कोपरा, ताटं मांडणं, वर्ग झाडणं, सापडलेल्या वस्तूंची पेटी. दर सोमवारी कामं बदलायची. दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. झाडू मुलींच्या आणि बाक उचलणं मुलांच्या वाट्याला, असं नकळत होत जातं. आणि गावातली उतरंड कामांच्या वाटपात शिरते, कोणी पाणी वाढायचं आणि कोणी झाडायचं हे आडनावावरून ठरायला लागतं. तक्ता असेल तर हे दोन्ही टळतं, पण तो काटेकोर पाळायला हवा. काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. उशीर झाला म्हणून वर्ग झाडायला लावला, की झाडणं ही अपमानाची गोष्ट आहे हे आपणच शिकवलं.

चौथी पायरी: भांडण

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण स्वभाव घडवण्याची सगळ्यांत मोठी संधी रोज दोन-तीनदा आपल्यापुढे ‘बाई, हा बघा ना!’ म्हणत येते आणि आपण ती ‘गप्प बसा दोघं’ म्हणून घालवतो.

समजा, दुसरीचा वर्ग आहे. खोडरबरावरून झटापट झाली. एकाची वही फाटली, दुसऱ्याच्या हातावर ओरखडा उठला.

आधी दोघांना वर्गाच्या नजरेआड न्या. व्हरांडा पुरतो. बाकीच्यांना काहीतरी लिहायला द्या. दोघांना पाणी प्यायला लावा आणि तीन-चार मिनिटं नुसतं बसू द्या. रागाने थरथरणाऱ्या मुलाच्या कानावर प्रश्न पडतो, आत पोचत नाही.

मग तुम्ही खाली बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

‘आधी तू सांग, हा ऐकेल. मग हा सांगेल, तू ऐकायचं.’

‘यानं माझं खोडरबर घेतलं आणि दिलंच नाही.’

दुसऱ्याला विचारा, ‘तो काय म्हणाला?’

‘मी रबर घेतलं म्हणतो. पण बाई, मी विचारलं होतं!’

‘ते तू सांगशीलच. आधी त्याचं सांग.’

‘मी रबर घेतलं आणि दिलं नाही. म्हणून त्याला राग आला.’

हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून येणं फार महत्त्वाचं. समोरच्याच्या जागी क्षणभर उभं राहायला तो आत्ता शिकला. आता पाळी बदला. दोन्ही बाजू सांगून झाल्या की विचारा, ‘आता काय केलं म्हणजे नीट होईल?’ आणि गप्प राहा. ही शांतता अवघड जाते, तरी आपण तोडगा सांगायचा नाही. मुलं सुचवतात ते आपल्याला सुचलं नसतं: ‘मी त्याच्या वहीला चिकटपट्टी लावतो, आणि त्यानं मला गणिताच्या तासाला रबर द्यायचं.’ काहीच सुचलं नाही तर दोन पर्याय समोर ठेवा आणि निवड त्यांच्यावर सोडा.

‘सॉरी म्हण’ असा हुकूम सोडू नका. मान खाली घालून म्हटलेल्या सॉरीने फाटलेली वही जुळत नाही, आणि तेवढं म्हटलं की सुटका होते हे मुलाच्या ध्यानात येतं. झालेलं नुकसान हाताने भरून काढू द्या. दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारा, ‘वही चिकटवली का?’ ही विचारपूस राहिली तर आदल्या दिवशीचं सगळं बोलणं वाया जातं.

ओरडणं, कान पिळणं, अंगठे धरायला लावणं यातलं काहीही चालणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मोठ्याने लहानाला मारून ‘मारायचं नाही’ हे शिकवता येत नाही.

मात्र प्रत्येक प्रकार भांडण नसतो. तीन गोष्टी बघा. दोघांची ताकद सारखी आहे का? हे पुन्हा पुन्हा, त्याच मुलाच्या बाबतीत होतंय का? करणाऱ्याला त्यात मजा येतेय का? ताकद असमान आणि बाकी दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तो छळ आहे. तिथे दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नका. सोसणारं मूल भीतीपोटी ‘आमची बट्टी झाली’ म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट सोसेल. त्याच्याशी एकट्याने बोला, मधल्या सुट्टीत नजर ठेवा, बसायच्या जागा बदला, करणाऱ्या मुलाशी वेगळं बोला आणि दोन्ही घरी कळवा. रंग, जात, गरिबी, बोबडं बोलणं, अपंगत्व यावरून चिडवणं दिसलं तर त्याच दिवशी थांबवायचं, उद्यावर टाकायचं नाही.

पाचवी पायरी: खोटं आणि चोरी

रंगीत पेन्सिल हरवली. लगेच ‘कोणी घेतली?’ म्हणून उभं राहायचं आणि सगळ्यांची दप्तरं झडती घेतल्यासारखी उघडायची, हा नेहमीचा मार्ग सोडून द्या. पेन्सिल सापडली तरी त्या मुलाच्या पाठीला ‘चोर’ हे नाव चौथीपर्यंत चिकटतं, कधी कधी गावभर.

सहा-सात वर्षांच्या मुलाला आपलं-परकं कळतं, पण हवंसं वाटलेलं हातातून सोडणं जमत नाही. म्हणून सापडलेल्या वस्तूंची पेटी दाराशी ठेवा आणि सांगा: चुकून कोणाच्या दप्तरात गेली असेल तर घरी जाईपर्यंत पेटीत टाका, कोणी विचारणार नाही. बहुतेक वेळा वस्तू पेटीत येते. कोणी घेतली हे माहीत असेल तर ‘तू घेतलीस का?’ असं विचारून त्याला खोट्यात ढकलू नका. एकांतात सांगा, ‘ती पेन्सिल तुझ्याकडे आहे हे मला माहीत आहे. परत कशी द्यायची ते आपण ठरवू.’ आणि मूल आपण होऊन खरं बोललं, तर त्या खरेपणाची शिक्षा त्याला होता कामा नये. घरच्यांनीही हे पाळायला हवं.

सहावी पायरी: शाबासकी, पण जपून

‘आजचा आदर्श विद्यार्थी’, चांगल्या वागण्याचे स्टार, दयाळूपणाचा बिल्ला. हे सगळं मी बंद करावं म्हणेन. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला होता, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं गेलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. मदत करण्याचंही तसंच होतं. स्टार मिळतो म्हणून पाणी आणून देणारं मूल स्टार नसेल त्या दिवशी जागचं हलत नाही.

मग कौतुक करायचंच नाही का? भरपूर करा, पण काय केलं ते सांगून. ‘हुशार आहेस’ याऐवजी ‘हातच्याचं गणित तीनदा खोडून पुन्हा केलंस.’ ‘गुणी मुलगी’ याऐवजी ‘नवी मुलगी एकटी होती, तिला तू लंगडीत घेतलंस.’ १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांपैकी ज्यांच्या बुद्धीचं कौतुक झालं होतं, ती अपयश आल्यावर लवकर हिरमुसली. ज्यांच्या प्रयत्नांचं झालं होतं, ती अवघड कामाला भिडत राहिली.

सातवी पायरी: सुटून गेलेलं मूल

आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभं राहून फक्त बघा. कोण एकटं आहे? कोणाजवळ कोणी डबा उघडत नाही? कोण सतत शिक्षकांच्या आसपास घुटमळतं? त्या मुलाला ‘सगळ्यांनी याला खेळायला घ्या’ म्हणून पुढे ढकलू नका, तो आणखी अवघडेल. त्याला एका शांत, मनमिळाऊ मुलाबरोबर जोडीचं काम द्या: झाडांना पाणी, पुस्तकं लावणं. हात कामात गुंतले की बोलणं आपोआप सुरू होतं. बीड जिल्ह्यातल्या शाळांत २००९ पासून सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमाचा भरही अशाच जोडीतल्या आणि गटातल्या कृतींवर आहे. शनिवारच्या आनंददायी उपक्रमांत हे सहज बसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीच्या आसपास शाळेतून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहाची किंवा नातलगांकडे राहण्याची सोय लागते का ते जाण्याआधीच बघा. जाणाऱ्या मुलाच्या वहीत मित्रांनी एकेक चित्र काढून द्यावं, आणि त्याचं नाव कामांच्या तक्त्यावरून पुसू नये. परतल्यावर ‘काय बुडालं’ हे नंतर. आधी त्याला फडावरचं सांगू द्या: गाडीला किती मोळ्या बसतात, बैलांना काय घालतात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रात्री काय दिसतं. वर्गात हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

घरी काय

पालकांना लांबलचक यादी देऊ नका, चार गोष्टी सांगा. झोपायची वेळ ठरलेली असावी. एक जेवण मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवून एकत्र व्हावं. घरातलं एक काम मुलाचं स्वतःचं असावं, मुलगा असला तरी. आणि शेजारच्या मुलाशी तुलना नको. गृहपाठासाठी मागे लागणाऱ्यांना दप्तराबाबतचं २०२० चं राष्ट्रीय धोरण दाखवा: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, आणि दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. उरलेल्या वेळात मूल अंगणात खेळलं तर उत्तमच. दिवसाला किमान तासभर धावपळ या वयाला हवीच.

काळजी कधी करायची

अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली. बोलकं मूल दोन आठवडे गप्प आहे. रोज पोट दुखतं, डॉक्टरांना काही सापडत नाही. विशिष्ट माणसाचं नाव काढलं की अंग चोरतं. अशा वेळी ‘लाडात आलाय’ म्हणू नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावात बसून मिटवण्याचा तो विषय नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६. दोन्ही नंबर वर्गात मुलांच्या उंचीवर लिहून ठेवा.

नोंदी

मूल बदलतंय की नाही हे आठवणीवर सोडू नका. रोज शाळा सुटल्यावर तीनच मुलांबद्दल एकेक ओळ लिहा. तीस जणांचा वर्ग दोन आठवड्यांत पुरा होतो. ज्याच्याबद्दल लिहायला काहीच आठवत नाही, त्याच्याकडे उद्या मुद्दाम बघायचं.

सत्राच्या शेवटी प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदींसाठी हीच वही उघडा. तयार यादीतून ‘स्वभाव शांत आहे’, ‘शिस्तीचे पालन करतो’ असं उतरवून काढू नका. ‘जुलैमध्ये हरला की खेळ सोडून जायचा, आता पुढच्या डावाला थांबतो.’ ‘ताटं मांडताना सर्वांत लहान मुलांना आधी बसवते.’ ‘राग आला की ढकलण्याऐवजी बाईंकडे येऊन सांगतो, पण खेळाच्या मैदानावर अजून जमत नाही.’ शेवटच्या ओळीतलं ‘अजून जमत नाही’ पालकांना वाचून दाखवा आणि दुसऱ्या सत्रात मैदानावर नेमकं काय करायचं ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा.